रावकाकांचा गुलाबी कागद

सत्यनारायण राव हे माझे घरमालक, आणि आमच्या नगरपालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर. या दोन्ही नात्यांनी त्यांनी मला छळलं, पण दुसऱ्या नात्याने जरा जास्तच. मद्रासजवळ, तांबरमच्या पुढे त्यांचं दुमजली घर होतं. वरच्या दोन खोल्यांत मी राहायचो आणि रोज सकाळी कंपनीच्या बसने इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात जायचो. काकांचं घराणं मराठी, पण तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तिकडेच वाढलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "अनिकेत, भोजन झालें कीं नाहीं?" मला वाटलं, हा माणूस पुण्याच्या पोराची फिरकी घेतोय. पण ते रोज तसंच बोलायचे, मधे मधे तमिळ पेरून, आणि हळूहळू मला आपलंच मराठी फिकं वाटायला लागलं.

माणूस किडकिडीत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात रबरी चपला. गावातल्या प्रत्येक हॉटेलचं स्वयंपाकघर ते तपासायचे, म्हणून एकाही हॉटेलात ते कॉफी प्यायचे नाहीत, पैसे देऊनही नाही. "मग उद्यां तेथें कसें बोलूं?" असं म्हणायचे. डासांच्या धुराची गाडी आली की तिच्यामागे शाळेतल्या पोरांसारखे चालायचे. बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. घरात ते आणि मुलगी श्रीरंजनी, शाळेत गणित शिकवणारी, एकोणतिशीची. तंजावरी मराठी माणसं मद्रासेत मोजकी. त्यात जमेल असं स्थळ मिळणं म्हणजे काकांच्या जिवाला लागलेला घोर होता. जिन्यात भेटले की निम्म्या गप्पा डासांच्या आणि निम्म्या स्थळांच्या.

दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने माणसं दगावायला लागली. इकडे नगरपालिकेची बैठक भरली. काकांनीच प्रस्ताव मांडला होता: पुण्या-मुंबईहून जो येईल त्याने आणि त्याच्या घरातल्यांनी सात दिवस घरीच राहायचं, फॉर्मात त्याचं नाव नोंदवून गेटवर कागद लावायचा, आणि आरोग्य खात्याचा माणूस सोडून कुणी आत जायचं नाही. एक नगरसेवक म्हणाले, तीन दिवस पुरे. दुसरे म्हणाले, खोकणाऱ्यांनाच ठेवा. तिसऱ्यांना कागद पिवळा नको होता, कारण पिवळा रंग मंगल कार्याचा. तासभर रंगावर वाद झाला आणि गुलाबी ठरला. हे सगळं काकांनी मला जिन्यात उभं राहून साभिनय सांगितलं, आणि मी पोट धरून हसलो.

पुढच्याच आठवड्यात मी दोन दिवस पुण्याला आईकडे जाऊन आलो. एग्मोर स्टेशनला उतरलो, लोकलने घरी आलो, तर जिन्याच्या दाराशी काका थर्मामीटर घेऊन उभे. तोंडाला मास्क. वरच्या जिन्याला वेगळं दार होतं, त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने गुलाबी कागद चिकटवला. मी सहा महिने एका मशीनवर घाम गाळला होता आणि तिची चाचणी त्याच गुरुवारी होती. मी हात जोडले, चिडलो, इंग्रजीत वाद घातला. काका म्हणाले, "ताप नाहीं, तरीहि सात दिवस. सरी, ठीक?" चाचणी माझ्याविना झाली, शाबासकी दुसऱ्याला मिळाली. सात दिवस श्रीरंजनी दाराबाहेर डबा ठेवायची आणि मी तो फणकाऱ्याने उचलायचो.

म्हणून जेव्हा कळलं की श्रीरंजनीचं ठरतंय आणि मुलगा पुण्यात नोकरी करतो, तेव्हा माझ्या मनात लबाड आनंद झाला हे मी कबूल करतो. मुलगा श्रीवत्स. त्याचे आईवडील आमच्याच गावात, तीन गल्ल्या सोडून. वाङ्निश्चय तीस ऑगस्टच्या रविवारी. पुढे लगेच पितृपक्ष, आणि त्याला रजा फक्त पाच दिवसांची. तो बुधवारी येणार होता. मी मनाशी म्हटलं, आता बघू या इन्स्पेक्टरसाहेबांचा कागद कुठे चिकटतो ते.

मुलाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी खालीच होतो. ते सुचवत होते, मुलगा एग्मोरला हॉटेलात उतरेल, तिथे काही तुमची नगरपालिका नाही. रविवारी थेट हॉलवर येईल. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हॉल आमच्या हद्दींत आहे." एवढंच. फोन ठेवल्यावर ते तिथेच स्टुलावर बसून राहिले आणि मी, खोटं कशाला सांगू, वर येऊन शीळ घातली.

गुरुवारी सकाळी कंपनीच्या बसमधून मला श्रीवत्सच्या घराचं गेट दिसलं. त्यावर गुलाबी कागद होता; म्हणजे मुलगा हॉटेलात न जाता घरीच आला होता. शीळ घालणारं तोंड कुठे लपवावं हे मला कळेना.

संध्याकाळी बातमी आली. श्रीवत्सची आई अन्नपूर्णाबाई. गावात त्यांच्यापुढे बँकेचा मॅनेजरही खुर्चीतून उठायचा. त्यांनी निरोप धाडला होता: ज्या माणसाने आमच्या दारावर रोगाचा कागद लावला, त्याच्या घरची मुलगी आम्हांला नको. हॉल रद्द. श्रीरंजनी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शाळेत गेली. डोळे सुजलेले होते, पण साडीची निरी चोख होती.

काकांना मात्र रोज त्या घरी जावंच लागे. ताप बघायचा, लिहायचा, परत यायचं. अन्नपूर्णाबाई पाठ फिरवून उभ्या राहायच्या. शुक्रवारी काका माझ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "अनिकेत, मी वाईट मनुष्य आहें. आज थर्मामीटर पाहतांना मला वाटलें, थोडा ताप असावा. म्हणजे लोक बोलतील, राव बरोबर होता." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या क्षणी माझा सगळा राग गेला. या म्हाताऱ्यावर माझा जीव आहे, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी त्यांची स्कूटर सुरू होईना, म्हणून मी त्यांना मोटरसायकलवर नेलं. निश्चयाचा मुहूर्त साडेदहाचा ठरला होता आणि आम्ही त्याच सुमारास पोचलो. मी रस्त्यावर थांबलो. काका आत अंगणात गेले, व्हरांड्यात बसलेल्या श्रीवत्सचा ताप बघितला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मुलगा बिचारा मान खाली घालून बसला होता. काका निघाले तेव्हा अन्नपूर्णाबाई वाटेत उभ्या राहिल्या.

"इन्स्पेक्टर सार," त्या म्हणाल्या, "एक विचारतें. आपल्या जावयाचें नांव त्या फॉर्मांत लिहितांना तुमचा हात थरथरला नाहीं काय?"

काकांनी मास्क नीट केला. खोटं बोलायची ती वेळ होती, आणि मान ताठ ठेवून 'नाही' म्हटलं असतं तर चाललंही असतं.

"लिहिलेंच नाहीं मी," ते म्हणाले. "बुधवारीं दोन तास फॉर्म पुढें घेऊन बसलों. लिहवेना. मनांत आलें, सोडून देऊं, कोण विचारणार आहे. श्रीरंजनी शाळेंतून आली, तिनें पाहिलें. माझ्या हातांतून पेन घेतलें, आणि तुमच्या मुलाचें नांव तिनें लिहिलें. मग मी उठून कागद लावायला आलों."

त्यांनी फायलीतून फॉर्म काढून पुढे धरला. अन्नपूर्णाबाईंनी तो हातात न घेता वाचला. श्रीवत्सही उठून आईच्या मागे येऊन उभा राहिला. काकांच्या घराण्यात बायका नवऱ्याचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढत नाहीत, हे काकांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. आणि या मुलीने ते पहिल्यांदा लिहिलं ते असं.

"तिला ठाऊक होतें, हें मोडेल म्हणून?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"होतें."

बाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या ताटात विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. मागे त्यांचे यजमान, घाईघाईने खांद्यावर अंगवस्त्र टाकत. "मुहूर्त आहे अजून," त्या म्हणाल्या. "निश्चयाचा तांबूल घ्यायला मुलीचा बाप पुरे."

काका दोन पावलं मागे सरले. "मी ड्यूटीवर आहें," ते म्हणाले. "ड्यूटीवर मला घेतां येत नाहीं. आणि ड्यूटी सोडली तर मला आंत राहतां येत नाहीं."

अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. श्रीवत्स हसला.

काका गेटबाहेर आले. गेट लावून घेतलं. मास्क आणि गळ्यातलं नगरपालिकेचं ओळखपत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. एका हाताने विरळ केस सारखे केले. मग भर रस्त्यात उभे राहून, मुलीचा बाप म्हणून, त्यांनी गेटवरून दोन्ही हात पुढे केले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.