विदाकाकूंचा आरपार वारा

आमच्या वाल्येवो गावातल्या इमारतीत विदोसावाकाकूंइतकी, म्हणजे आमच्या विदाकाकूंइतकी, वाऱ्याला भिणारी बाई दुसरी नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या दिसल्या की त्या जिन्यातूनच ओरडतात, "कुणाला मरायची घाई झालीय?" मान आखडो, दात दुखो, नाहीतर फ्लू होवो, कारण एकच: आरपार वारा. ओल्या केसांनी कचरा टाकायला गेले, तर मला पन्नाशीच्या बाईला त्यांनी भर अंगणात टॉवेल गुंडाळला होता.

या हिवाळ्यात मात्र त्यांची पार त्रेधा उडाली. सून तियाना सातव्या महिन्यात. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, त्यात आता गावभर फ्लू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाऱ्याने फ्लू होत नाही. माणसांच्या श्वासातून, खोकल्यातून होतो. पाहुणे टाळा, खिडक्या उघड्या ठेवा."

काकू तडक माझ्याकडे आल्या. "माझी आई सांगायची खिडकी लाव. ही शिकलेली बाई सांगते उघड. दोघींपैकी एक माझ्या नातवाच्या जिवावर उठलीय. कोण ते सांग ना!"

मी काय सांगणार कपाळ? मी लसही घेते, लसूणही चघळते आणि वर कानात कापूस घालते.

त्यात काकूंच्या घरच्या संताचा, संत निकोलाचा सण आला. घरच्या संताच्या दिवशी आमच्याकडे आमंत्रण नसतं, लोक आपणहून येतात, आणि आलेल्याला परत पाठवलं तर तोंड दाखवायची सोय उरत नाही. काकूंनी सुनेला आतल्या खोलीत बसवलं, दाराच्या फटीत चादर कोंबली. दुपारी बैठक खच्चून भरली. मधोमध सणाची मेणबत्ती तेवत होती. तळलेला मासा, राकिया म्हणजे फळांची कडक दारू, आणि प्रत्येकाचे गालांवर तीन-तीन मुके. काकू गाल पुढे करायच्या आणि पाठ वळली की पुसायच्या.

तेवढ्यात त्यांचे दीर ब्लागोये खोकायला लागले, ते थांबेचनात. "ठसका लागला गं वहिनी," म्हणत ते उठले. "तियाना कुठाय? तिला जवळ घेतल्याशिवाय मी जातोय होय!"

काकूंचा चेहरा पांढराफटक. जा म्हणता येईना, थांबा म्हणवेना. त्यांनी रस्त्याकडची खिडकी सताड उघडली. मग स्वयंपाकघरातली, अगदी समोरची.

"वहिनी, आरपार वारा! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दीर मान झाकत दाराकडे धावले, पाठोपाठ कोट शोधत सगळे. बघता बघता बैठक रिकामी. कुणाला 'जा' म्हणावं लागलं नाही!

मी पोट धरून हसले, आणि वळून बघते तर काय. सणाची मेणबत्ती विझली तर घरातलं माणूस जातं म्हणतात. काकू दोन्ही तळव्यांनी ती ज्योत झाकून नेमक्या झोतात उभ्या होत्या.

"लावू का खिडकी?"

"नको. त्याचा खोकला जाऊ दे बाहेर."

"मग तुम्ही तरी बाजूला व्हा."

"आई, काय चाललंय?" आतून तियानाने विचारलं. "दार उघडू?"

"खबरदार उघडलंस तर!" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "खरं कुणाचं ते मला नाही गं कळत. म्हणून डॉक्टरीणबाईंचंही ऐकते आणि माझ्या आईचंही."

मी माझा कोट पसरून त्यांच्या मागे आडोसा करायला गेले.

"सरक," त्या म्हणाल्या. "वारा इथे अडला, तर तिच्या दाराकडे वळेल."