हेल्गाबाईंची साडी आणि संसदेतली चर्चा

आता लाज सोडूनच सांगतो, चहा ओतलाच आहे तर ऐका. माझ्या हातून असा घोळ झालाय, की गोव्यातल्या आमच्या केरी गावातले लोक अजून मला बघून मिशीत हसतात. बायकासुद्धा!

आमच्या घराची मागची खोली हेल्गाबाईंना भाड्याने दिलेली. बाई जर्मनीच्या, सत्तरीच्या, उंचीने माडाएवढ्या. दर हिवाळ्यात येतात आणि माझ्या बायकोकडून, सुलभाकडून, सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, करायला शिकतात. दोघींचा एकमेकींवर भारी जीव.

त्या दिवशी मी मोबाइलवर संसदेतली चर्चा ऐकत होतो. परदेशी लोकांना परत पाठवण्याचे नियम सैल करावेत की नाही, यावरून नुसती हमरीतुमरी! एक खासदार ओरडले, "व्हिसाची मुदत संपलेल्यांना ताबडतोब देशाबाहेर पाठवू..."

आणि रेंज गेली.

पुढचा शब्द 'नये' होता, हे मला कुठून कळणार?

"सुलभा, हेल्गाबाईंना नेतायत!"

"कोण नेतंय? अहो, नुसती चर्चा ती! आणि बाईंची मुदत संपली असं कोण म्हणालं?"

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. पोलीस शिपाई! मग काय विचारता? सुलभाला घाई करून तिची साडी हेल्गाबाईंना गुंडाळायला लावली. ती जेमतेम पोटऱ्यांपर्यंत पोचली. वर डोक्यावरून पदर.

"बाई, बोलायचं नाही. तुम्ही आमच्या वेंगुर्ल्याच्या मावशी. मुक्या!"

शिपाई आत आला. "काका, मागल्या खोलीत कोण रवता?"

"कोणी नाही! ही आमची मावशी. मुकी आहे, जन्मापासून!"

शिपायाने वाकून पदराखाली बघितलं. "हेल्गाबाय, आज साडी? सण आसा की काय?"

"बस रे पुता," मुकी मावशी म्हणाली, "च्या घे."

मी चहाचं आधण ठेवायला वळलो.

"बाईंचे कागद चोख आसात," शिपाई म्हणाला. "मी आयलंय तो तुमच्यासाठी. परदेशी पाहुणो ठेवलो की घरमालकान चौकीत कळवचा लागता. तुम्ही कळवलास नाय. आणि वर मावशी म्हणून लपवतास?"

आता बोला! संसदेत सवलत मागत होते ती पाहुण्यांसाठी. पाहुणे लपवणाऱ्यांची बाजू घ्यायला एकही खासदार उभा राहिला नव्हता.

दुपारभर चौकीच्या बाकावर बसून मी लेखी खुलासा खरडत होतो. 'मुकी' का म्हटलं, याला काही केल्या कारण सुचेना. तेवढ्यात हेल्गाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या, शेजारी बसल्या, आणि माझा हात हातात घेऊन अगदी काळजीने म्हणाल्या,

"काका, भियेव नाका. तुमका कुठच्या देशात धाडतले?"