चहाच्या कपाखालचं इंजिन

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी त्याची गाडी आठवली, मग तो. ही गोष्ट सांगायचं मी तीस वर्षं टाळलं.

वसंता गिरणीत फिटर होता, मी इंदूरच्या परिवहन कार्यालयात कारकून. त्याचे वडील संस्थानी काळात एका सरदारांचे ड्रायव्हर. सरदारांनी आपली विलायती मोटार शेवटी त्यांनाच देऊन टाकली. बडा गणपतीजवळच्या गल्लीत ती निघाली की सायकलवाले उतरून भिंतीला चिकटायचे. जुनी, मूळ इंजिनाची गाडी म्हणून तिला कर माफ होता, दरवर्षीच्या तपासणीतूनही सूट होती. ती माफी मीच फाईल फिरवून मिळवून दिली होती, आणि त्याचा मला तोरा होता.

मग गिरणी बंद पडली. बाजारात नव्या गाड्या येऊ लागल्या त्याच सुमाराला वसंता घरी बसला. वरातींना गाडी भाड्याने द्यावी असं त्याने ठरवलं. पण जुनं इंजिन पेट्रोल फार खायचं. सियागंजातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे डिझेल इंजिन मिळालं, पावतीसकट. बसवण्याआधी तो माझ्या टेबलापाशी आला.

"भिया, इंजिन बदललं तर माफी जाईल ना? अर्ज देऊ का?"

"अरे यार, बोनेट कोण उघडून बघतंय? बिनधास्त चालव."

"पक्का ना? तू म्हणतोस म्हणून हां."

"मी बसलोय ना इथे!"

नियम मला पाठ होता. आधी परवानगी हवी, गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंजिनाचा नवा नंबर चढायला हवा, आणि मूळ इंजिन निघालं की माफीही संपली. पण अर्ज आला असता तर मीच मिळवून दिलेली माफी मलाच रद्द करावी लागली असती...

दोन लग्नसराया गाडी चालली. मग कुणीतरी तक्रार केली आणि आमच्या निरीक्षकांनी बोनेट उघडलं. नंबर जुळेना. वसंताला आमच्याच खोलीत उभं केलं. "कुणाला विचारून बसवलंस?" वसंताने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या फाईलची दोरी सोडली, परत बांधली.

"कोणालाच नाही, साहेब. गलती माझीच."

पावती होती म्हणून चोरीचा आळ टळला. पण माफी गेली आणि बसलेला कर-दंड त्याला झेपला नाही. जप्त गाडी आमच्या आवारात, माझ्याच खिडकीखाली सडत राहिली. सीटमधून गवत उगवलं, तेव्हा मी टेबल फिरवून खिडकीकडे पाठ करून घेतली.

वसंता एका शाळेच्या फाटकावर चौकीदार झाला. मैत्री मात्र त्याने तोडली नाही. मूळ इंजिन कधीतरी परत बसवू म्हणून त्याने बैठकीत ठेवलं होतं. वहिनींनी त्यावर फळी टाकून विणलेला रुमाल घातला, आणि माझा चहा त्यावरच यायचा. "सांभाळून हां भिया, मशीन गरम आहे!" म्हणत तो हसायचा. दर रविवारी मी बोलायचं ठरवून जायचो, आणि चहा पिऊन परत यायचो.

तेराव्यानंतर गेलो. वहिनींनी कप तिथेच ठेवला.

"भाऊजी, एक विचारू? इतके नियमाचे हे... कुणालाच न विचारता असं कसं केलं असेल ह्यांनी?"

मी कप उचलला. रुमाल सरकला होता. खालच्या लोखंडाला ताजं तेल होतं. जायच्या आधीच्या आठवड्यातसुद्धा त्याने पुसलं असणार. मी म्हणालो, "चहा छान झालाय, वहिनी."

वहिनी, त्याने विचारलं होतं. मला विचारलं होतं. आणि वसंता, "साहेब, मीच चालव म्हणालो होतो," एवढंच त्या दिवशी मला म्हणायचं होतं... तुझी माफी मागायची राहिली.