आपण पितो तेच पाणी

आनंदा घरताच्या घरात बिनखिडकीची एक खोली होती. पनवेलला उरण नाक्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला त्याच्या बापाने ते कौलारू घर बांधलं, तेव्हा बाळंतिणीसाठी म्हणून ती खोली मुद्दाम काळोखी ठेवली होती. आनंदाला आणि वेणूला मूल झालं नाही. खोलीत आधी भाताची कणगी राहिली, मग जुन्या वायरींची भेंडोळी आली, आणि सत्तावन्न साली तिथे फुलं आली.

आनंदा वीज कंपनीत वायरमन होता. थेटरातल्या, कचेऱ्यांतल्या ट्यूबा काळवंडल्या की बदलल्या जात. त्यातल्या पेटणाऱ्या ट्यूबा तो सायकलच्या दांडीला बांधून घरी आणी. अशा चार ट्यूबा त्याने त्या खोलीत फळीवर ठोकल्या होत्या. खाली विटांच्या ओट्यावर नऊ मातीच्या कुंड्या. सकाळी कामावर जाताना तो त्या ट्यूबा लावी, आणि दिवेलागणीला घरोघर दिवे लागत तेव्हा हा माणूस त्या खोलीतले दिवे मालवी. शेजाऱ्यांना याची भारी गंमत वाटे.

फूलही गमतीचंच. त्याची खालची पाकळी फुगून पुढे येते आणि आतून पोकळ होते, थेट सपातेच्या, म्हणजे बंद चपलेच्या, चवड्यासारखी. वेणू त्याला सपातेचं फूल म्हणे. समोरचा काशीराम म्हात्रे तर रोज हाक मारी, "आनंदा, येक जोड दे की रं! लगनाला जायचाय, पायान काय नाय!"

आनंदा हसे आणि पुढे जाई. या फुलांची गोष्ट त्याने वेणूशिवाय कोणालाच सांगितली नव्हती.

लढाईत तो आसामात होता. बिनतारी यंत्रांच्या बॅटऱ्या भरणं हे त्याचं काम. चव्वेचाळीस साली मलेरियाने त्याला पार लोळवलं आणि शिलाँगच्या इस्पितळात तो दोन महिने पडून राहिला. वॉर्डात कित्बोक नावाचा एक खासी मदतनीस होता, बुटका, पान खाऊन दात लाल झालेला. एके दिवशी त्याने औषधाच्या रिकाम्या बाटलीत हे फूल घालून आनंदाच्या उशाशी ठेवलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये सूखने से पहले तुम उठेगा." फूल सहा आठवडे टिकलं. आनंदा पाचव्या आठवड्यात उठून बसला.

पुढे दोघांची पत्रं सुरू झाली. हिंदी भाषा आणि इंग्रजी अक्षरं, लष्कराने शिकवलेली. कित्बोकने शेवाळात गुंडाळून रोपं पाठवली. पहिली दोन पनवेलच्या उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने अंगणातच गेली, म्हणून मग काळोखी खोली आणि ट्यूबा. पाण्याविषयी कित्बोकने एकच ओळ लिहिली होती : जो पानी तुम पीते हो, वही देना. आनंदाने ती आज्ञा मानली. घरासाठी विहिरीवरून हंडा आला की पहिला तांब्या त्या खोलीत जाई.

बासष्टच्या ऑक्टोबरात कित्बोकचं पत्र आलं. त्याची बदली तेजपूरच्या इस्पितळात झाली होती. घराजवळच्या ज्या रानातून तो रोपं आणी, ते सडकेसाठी तोडलं होतं. 'माझ्याकडे आता एकही रोप उरलं नाही. तुझ्याकडे आहेत, ती सांभाळ. मी येईन आणि त्यातलं एक परत नेईन,' असं त्याने लिहिलं होतं.

महिन्याभरात चीनची फौज खाली उतरली. तेजपूर रिकामं होत असल्याची बातमी आनंदाने काशीरामच्या ओटीवर रेडिओवर ऐकली. त्याने लागोपाठ तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

आणि त्याच हिवाळ्यात रोपं मरायला लागली.

आधी पानांची टोकं तपकिरी झाली. मग तो तपकिरी रंग पानाच्या कण्याने खाली उतरला आणि मधला कोंब हातात आला. संक्रांतीपर्यंत दोन कुंड्या गेल्या, होळीपर्यंत पाच. आनंदाला वाटलं, जुन्या ट्यूबांचा उजेड कमी पडतोय. त्याने पदरचे पैसे घालून दोन नव्या आणल्या, फळी वीतभर खाली घेतली. टोकं आणखी जळली. मग वाटलं, उजेड जास्त झाला, उष्णता झाली. त्याने फळी वर नेली, दारावर ओलं गोणपाट टांगलं आणि दिवसातून दोनदा पाणी द्यायला सुरुवात केली. कुंड्यांच्या काठावर पांढरं काहीतरी धरायचं, ते तो काथ्याने घासून काढी आणि वरून तांब्याभर पाणी ओतून कुंडी स्वच्छ धुई.

तो जेवेनासा झाला. वेणूला खोलीतून त्याचं बोलणं ऐकू येई. एकदा ती दारात जाऊन उभी राहिली.

"जाराशी झाडा ती," ती म्हणाली. "येवडा जीवाला काय लावून घेता?"

"झाडा नाय ती, वेणू," तो कुंडीवरची नजर न काढता म्हणाला. "ही गेली त तो पन गेला."

त्याचं त्यालाच ते विचित्र वाटलं असावं, कारण पुन्हा तो असं बोलला नाही. पण वेणूने त्या दिवसापासून कुलस्वामिनीपुढे एक फुलवात जास्त लावायला सुरुवात केली.

मे महिन्यात एकच कुंडी उरली, ठिपक्याठिपक्यांच्या पानांची. तिचीही दोन पानं गेली होती.

त्या आठवड्यात आनंदाची थोरली बहीण गोदू करंजाडे गावाहून आली. गोदूने ऐन उमेदीची पंचवीस वर्षं मिठागरात डोक्यावरून पाट्या वाहिल्या होत्या. तळपाय असे कडक की विंचू चावला तर विंचवाचीच नांगी मोडावी. तिने सुकटीची पिशवी ओटीवर टाकली, वेणूने दिलेल्या तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि अंगणात थुंकली.

"वेणू, जल्ला यो पानी हाय का मीठवनी?"

"आमी रोज पितो, बाय. आमाला काय नाय लागत."

"मंग तुमची जीब मेली!"

खरी गोष्ट अशी होती की गेल्या श्रावणात उधाणाला खाडीच्या बांधाला खांड पडली, भरतीचं पाणी शेतांत शिरलं आणि विहिरीचं पाणी मचूळ झालं. आळीने आठ दिवस नाकं मुरडली. मग जिभा सरावल्या. तेच पाणी, तोच चहा, तीच डाळ. वर्ष उलटायच्या आत, पाणी बदललंय हे सांगणारं आळीत कोणी उरलं नाही. करंजाड्याला गोदूची बाव, म्हणजे विहीर, टेकडीच्या पायथ्याशी, गोड्या झऱ्याची. तिची जीभ जिवंत होती.

"तुजा चपलांचा दुकान दाखव बगू," म्हणत ती खोलीत शिरली. आठ रिकाम्या कुंड्या पाहून तिची थट्टा आपोआप थांबली. तिने नववी कुंडी उचलली, काठावरचं पांढरं नखाने खरवडलं आणि, मिठागरातल्या बाईचा हात तो, सरळ जिभेवर ठेवलं.

"आरं आनंदा, तुजे कुंडीन मीठ पिकलाय."

"चुना हाय तो बाय. मातीचा येतो."

"पंचवीस वरसा डोकीव मीठ वायलाय मी! मना चुना शिकवतंस?"

आनंदाने बोट लावून चाखलं.

बाप आठवला. मिठागरातल्या कोंडीत, पाणी आटवायच्या वाफ्यात, बोट बुडवून, जिभेला लावून तो सांगायचा, पाणी अजून कच्चं आहे, दोन दिवसांनी पिकेल. पाणी ओतायचं, आटू द्यायचं, पुन्हा ओतायचं, की तळाला मीठ धरतं. दहा वर्षांचा असल्यापासून आनंदाने तेच केलं होतं. आणि गेले आठ महिने या खोलीत, ट्यूबांच्या उजेडाखाली, स्वतःच्या हाताने त्याने तेच केलं. रोपं सुकायला लागली तेव्हा तर दिवसातून दोनदा.

तो ओट्याला टेकून खाली बसला. "जो आपून पितो तोच द्याचा, असा लिवला व्हता त्यानी," तो म्हणाला. "मी तोच दिला, बाय. येक दिस चुकलो नाय."

गोदूने कुंडी त्याच्या हातात दिली.

मग तो उठला तो अनवाणीच. मोटारस्टँडवरच्या शिवा मिस्त्रीच्या गॅरेजात तो धापा टाकत पोचला.

"शिवा, बॅटरीचं पाणी दे. आहे तेवढं दे."

"गाडी कुठंय?"

"गाडी नाही. घरी आहे. मरायला टेकलंय."

मिस्त्रीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बिनक्षाराच्या डिस्टिल्ड पाण्याच्या तीन बाटल्या काढून दिल्या. बॅटरीत विहिरीचं पाणी घालू नका, क्षारांनी मरते, हे आनंदाने आयुष्यभर दिसेल त्या ड्रायव्हरला बजावलं होतं. परतताना ते आठवून त्याने रस्त्यातच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

त्याने रोप उपसलं. मुळं काळी, बोटाने दाबली की साल निसटत होती. धुऊन, कापून झाल्यावर दोन मुळं उरली. नव्या कुंडीत, नव्या कोळशात आणि विटांच्या तुकड्यांत त्याने ते रोप ठेवलं. वेणूने विचारलं, जगेल का? त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही.

त्यानंतर दर सोमवारी गोदू करंजाड्याहून डोक्यावर गोड्या पाण्याचा हंडा घेऊन चालत यायची. वाटेत कोणी विचारलं तर म्हणायची, "माजे भावाच्या चपला तानेल्या हायत." आषाढात ठिपक्यांच्या पानांच्या बुडाशी भाताच्या दाण्याएवढं हिरवं टोक दिसलं. आनंदाने त्याच दिवशी चौथं पत्र लिहिलं : आठ मेली, माझ्या हाताने. एक आहे. तू ये.

भाद्रपदात ते पत्र परत आलं. पाकिटावर तीन शिक्के होते आणि निळ्या पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ, माणूस सापडला नाही. वेणूने ते हातात घेतलं तेव्हा ती रडली. आनंदाने ते खोलीत, ट्यूबांच्या फळीवर ठेवून दिलं.

रोप जगलं. सदुसष्टपर्यंत कुंडी भरली तेव्हा त्याने ते मधून वेगळं केलं आणि दोन कुंड्यांत लावलं. एकीला फूल आलं की तो वेणूला देई, काशीरामलाही एकदा दिलं. दुसरीला हात लावू देत नसे.

"ती कोनाची रं?" गोदूने एकदा विचारलं. तिचे गुडघे आता गेले होते, पण हंडा सुटला नव्हता.

"त्याची. परत न्याला येनार हाय."

"आनि नाय आला त?"

आनंदाने हंड्यातून तांब्या भरून घेतला, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि आधी त्या दुसऱ्या कुंडीला पाणी घातलं.