ओला म्हणणारी

शाळेच्या फाटकासमोर, झेरॉक्सवाल्याला लागून, जेमतेम एका दाराएवढ्या रुंदीचं दुकान होतं. आत एक लांब टेबल, त्यावर जुन्या चादरींच्या घड्या आणि टेबलामागे इस्त्रीवाली. आमच्या घरचे कपडे तिच्याकडेच असत. कॉलर ती आधी उलटीकडून दाबायची, मग सुलटीकडून. खिशावरून इस्त्री फिरवण्याआधी खिशात बोटं घालून बघायची. यांच्या शर्टात राहिलेली औषधाची चिठ्ठी, बसचं तिकीट, एकदा तर माझ्या कानातल्याची हरवलेली फिरकी, सगळं कागदाच्या पुडीत बांधून घडीवर ठेवलेलं असायचं. बोलायची कमी. ती माझ्याशी जे काही बोलली, ते मला शब्दन् शब्द आठवतं. त्याचं कारण काही चांगलं नाही.

मी मुळात शिवणाची बाई. शिवणाचे तास बंद झाले तेव्हा मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, “स्पॅनिश सुरू करतोय. तुमचा आवाज खणखणीत आहे, तुम्हीच घ्या.” सहा महिन्यांचा पोस्टानं शिकायचा अभ्यासक्रम केला. पुस्तकं आली, उच्चार ऐकवणारा आवाज काही आला नाही. स्वयंपाकघरात पाठ करत बसायचे तर सासूबाई विचारायच्या, “या वयात कुणाशी बोलणार आहेस त्या भाषेत?”

“मुलांशी.”

“त्यांना येत नाही, तुला येत नाही. मग भांडण तरी होणार नाही.”

भांडण झालं नाहीच. तीन वर्षं छान गेली. हजेरी घेताना मुलांनी ‘हजर’ऐवजी तिकडचा नमस्कार म्हणायचा, ‘होला’, ही माझीच कल्पना. तो शब्द लाल अक्षरांत रंगवून, चौकट करून वर्गाच्या दाराशी लावला होता. बाकी मी प्रकल्प द्यायचे. प्रकल्पाचं एक बरं असतं, मुलं कापतात, चिकटवतात आणि बाईंना फार बोलावं लागत नाही. वह्यांमध्ये पंखे, गिटारी आणि बैल यांची नुसती गर्दी व्हायची. मी खाली ‘उत्तम’ लिहायचे.

त्या वर्षी सहावीतल्या एका मुलीच्या वहीत एकही चित्र नव्हतं. तिनं लिहिलं होतं की तिकडे दुपारी जेवायला तीन वाजतात. तिकडे कुणी जेवत असेल तर त्याच्या शेजारून जाणारा अनोळखी माणूसही ‘सावकाश होऊ द्या’ अशा अर्थाचं काही म्हणून पुढे जातो. लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. मुलांना दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. आणि वहीच्या कव्हरवर तिनं स्वतःचं नाव तसंच लिहिलं होतं, शाईनं, दोन आडनावांसकट.

“हे कुठल्या पुस्तकातलं?” मी विचारलं.

“आईनं सांगितलं. माझ्या जन्माआधी ती अकरा वर्षं होती तिकडे, एका घरी कामाला. कपडे, इस्त्री, सगळं.”

“आई काय करते आता?”

तिनं खिडकीतून समोर बोट दाखवलं.

त्या दिवसापासून मी कपडे यांच्या हाती पाठवायला लागले. यांनी विचारलं तर म्हटलं, गुडघा दुखतो.

आणखी एक केलं. अभ्यासक्रमाची पुस्तकं माळ्यावरून काढली आणि कधी न उघडलेली शेवटची पानं वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की शब्दाच्या सुरुवातीचा ह लिहावा, उच्चारू नये. तीन वर्षांत साठ-सत्तर मुलांच्या तोंडी मी तो ह घातला होता. मी पुस्तक मिटलं. चौकट काढायची तर मोठ्या बाई कारण विचारणार. वर्षअखेरीला बघू, असं ठरवलं.

पण वर्षअखेरीच्या आधी प्रकल्प दाखवायचा दिवस आला. पालक बाकांमधून फिरत होते. मोठ्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. इस्त्रीवाली दुकान बंद करून आली होती, मनगटावर चटक्यांचे जुने डाग, पायांत नव्या चपला. मुलीनं तिचा हात धरून तिला थेट माझ्या टेबलापाशी आणलं. “आई, बोल ना बाईंशी.”

ती लाजली. मग म्हणाली, “ओला, बाई.” आणि पुढे भरभर काहीतरी बोलली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुकानातला नव्हता, मोकळा होता. त्यातले मला दोन शब्द कळले. मुलगी आणि शाळा.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “ओला?”

“कपडे वाळले नाहीत वाटतं.”

हशा पिकला. पालकही तोंडावर हात धरून हसले. मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. “काय हो, ओला की होला? आपण तर होला शिकवतो ना?”

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. ती मुलगी तर अशी बघत होती, की आता बाई सांगतील.

मी म्हणाले, “इस्त्रीवालीकडे सगळं ओलंच येतं. आमच्या वर्गात होला म्हणतात.”

या वेळचा हशा मोठा होता, कारण तो बाईंच्या विनोदाला होता. इस्त्रीवालीही थोडी हसली. “माझं चुकलं असेल,” ती म्हणाली. “मी ऐकून शिकले, बाई. पुस्तकातलं मला काय ठाऊक.”

मुलीनं आईच्या हातातून आपला हात काढून घेतला. ओढला नाही, नुसता काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून पोरं त्या मुलीला ‘ओली’ म्हणायला लागली. हजेरीला तिचं ‘होला’ सगळ्यांत मोठं असायचं, ह तर असा, की छातीतून काढल्यासारखा. आठवड्यानं वह्या गुण द्यायला माझ्याकडे आल्या. तिच्या कव्हरवर आता एकच आडनाव होतं. दुसरं तिनं खोडरबरानं घासलं होतं. शाई जाईना म्हणून इतकं घासलं होतं, की कव्हरला भोक पडून आतल्या पानाची रेघ दिसत होती.

मी वही मिटली आणि रस्ता ओलांडला.

ती कपड्यांवर पाणी शिंपडत होती. “साहेबांचे शर्ट संध्याकाळी मिळतील,” ती म्हणाली.

“शर्टांसाठी नाही आले. त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. ह म्हणायचा नसतो.”

“ठाऊक आहे मला. अकरा वर्षं रोज सकाळी म्हणत होते.”

इथं थांबता आलं असतं. बाईंना माहीत नव्हतं, आता कळलं, असं तिनं मानलं असतं आणि मीही मानलं असतं. तीच आशा धरून मी रस्ता ओलांडला होता, हे मला तिच्यासमोर उभं राहिल्यावर कळलं.

“मलाही ठाऊक होतं,” मी म्हणाले. “हसले तेव्हासुद्धा.”

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. एका बाहीची सुरकुती हातानंच सारखी करत राहिली.

“घरी पोरगी मला सुधारते,” ती म्हणाली. “‘ह लाव, आई, ह लाव.’ मग लावते. आता सवय झाली.”

“नका लावू.”

“मला सांगून काय होणार, बाई? तिला सांगा. आणि जिथं हसलात तिथं सांगा.”

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी मी स्टुलावर चढून चौकट उतरवली. ह म्हणायचा नसतो, हे सांगितलं. वर्ग हसला. एकानं विचारलं, “म्हणजे बाई, तीन वर्षं चुकीचंच?”

“हो. आणि प्रकल्पाच्या दिवशी मला बरोबर काय ते माहीत होतं. तरी मी तिच्या आईला हसले.”

यावर मात्र कुणी हसलं नाही. मुलीनं मान वर केली नाही, पेन्सिलीला टोक करत राहिली. पुढे मोठ्या बाईंनी मला बोलावून ‘मुलांसमोर हे बोलायची काय गरज होती?’ वगैरे विचारलं, ते चालायचंच.

मी हजेरीपट उघडला. एकेक नाव घेत गेले. ओला. ओला, बाई. ओला. पोरांना आता तो शब्द गमतीचा वाटत होता, पण कुणाकडे बघून ती म्हणत नव्हती. तिचं नाव आलं. मी तिच्या वहीवर पूर्वी होती तशी दोन्ही आडनावं घेतली, आधी वडिलांचं, मग आईचं.

ती उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, “हजर.”

मी तिच्या नावापुढे खूण केली. वर्ष संपेपर्यंत रोज मी दोन्ही आडनावं घेत राहिले आणि रोज तिनं तेवढंच उत्तर दिलं. कपडे समोरून येतात तसेच येत होते, कॉलर दोन्हीकडून दाबलेली, खिसे तपासलेले. फक्त आता ते आणायला मी जात होते.