साडूभाऊंनी लंका पाहिली

पाहण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. आपण नुसते बघतो, ते पाहतात. दारव्ह्याच्या बाजारात म्हैस घ्यायला गेले की सकाळपासून तिच्यासमोर उभे. दुपारी विकणारा कंटाळून ती दुसऱ्याला देऊन टाकायचा, आणि साडूभाऊ रिकाम्या हातानं पण भरल्या मनानं घरी येऊन ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, म्हशीच्या कपाळावरचा भोवरा कसा होता ते सांगत बसायचे. तूर फुलली की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायचे. डबा न उघडताच परत यायचा. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ते कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. एकात मांडवाच्या केळीच्या खांबाकडे पाहतात, एकात आचाऱ्याच्या झाऱ्याकडे, आणि एकात आकाशाकडे, जिथे फोटोत तरी काहीच दिसत नाही.

अशा माणसाला काचबिंदू व्हावा. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही. कडेकडेनं दिसणं कमी होत जाईल, औषधानं जमेल तितकं थोपवून धरू. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी त्यांचा हात धरला होता. शेवटच्या पायरीवर ते थांबले. मग म्हणाले, "साडूभाऊ, आता मोठ्या मोठ्या वस्तू आधी पाहून घेतो. बारीकसारीक राहू द्या."

मोठ्या वस्तूंची यादी त्यांनीच केली. रानातला हत्ती, दगडात कोरलेला देव आणि समुद्र. साठी उलटली तरी समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. तिन्ही एकाच जागी कुठं मिळतील याची चौकशी त्यांनी गावातल्या मास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांकडे केली आणि एक दिवस मला फोन करून सांगितलं की लंकेला जायचं. ताईंना विमानाची भीती. त्या म्हणाल्या, तुमी दोघं जा, मी घर पाहते. अशा रीतीनं मी, माझे साडू आणि ताईंनी बांधून दिलेली जवसाची चटणी असे तिघं कोलंबोला उतरलो.

आमच्या गाडीचा चालक गोल चेहऱ्याचा, हसरा सिंहली माणूस होता. साडूभाऊ त्याच्याशी पहिल्या दिवसापासून चक्क वऱ्हाडीत बोलू लागले. तो सिंहलीत उत्तर द्यायचा. मी मध्ये इंग्रजीत काही सांगायला गेलो की दोघंही मी उपरा असल्यासारखे माझ्याकडे पाहायचे. दोन दिवसांत साडूभाऊंना त्याला किती लेकरं आहेत आणि त्याच्या सासऱ्याचे गुडघे दुखतात हेही कळलं होतं. कसं, ते मला अजून ठाऊक नाही.

अभयारण्यात एक हत्ती वाटेच्या कडेला गवत खात उभा होता. दोन पुंजके सोंडेनं उपटायचा, पायावर आपटून माती झाडायचा आणि मग तोंडात घालायचा. साडूभाऊ त्याच्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं हत्तीही त्यांच्याकडे पाहू लागला. इतर जीपा आल्या, फोटो काढून गेल्या. आमचा चालक स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला. शेवटी हत्तीच कंटाळून निघून गेला.

पोलोन्नरुवाला एका लांबलचक खडकात निजलेला बुद्ध कोरलेला आहे. साडूभाऊ चपला काढून समोर बसले. कडेचं दिसत नसल्यानं त्यांना तो एकदम दिसेना. मान वळवत वळवत डोक्यापासून पायापर्यंत पाहावा लागला. तासाभरानं त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाले, "उशी पहा. डोकं टेकलं तिथं दबली हाय." खरंच दबली होती. दगडाच्या उशीला दगडाच्या डोक्याचा भार जाणवत होता. मी दोनदा समोरून गेलो होतो, मला काही दिसलं नव्हतं.

समुद्र शेवटी. नारळीच्या रांगेतून बाहेर आलो आणि ते थबकले. डावीकडून उजवीकडे मान फिरवली, पुन्हा उजवीकडून डावीकडे. एवढा मोठा तुकडा आणि त्याला कुठंच बांध नाही, हे त्यांच्या शेतकरी मनाला पटेना. हळूच म्हणाले, "याले धुरा नाई का?" मी नाही म्हटलं. मग ते वाळूत बसले ते बसलेच. ऊन पाण्यावर पसरलं, पिवळं झालं, तांबूस झालं. संध्याकाळी जवळच्या कासव-संवर्धन केंद्रातली माणसं कासवांची पिल्लं पाण्यात सोडायला आली. एकानं साडूभाऊंच्या तळहातावर एक पिल्लू ठेवलं. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले, "पण चालून राह्यलं." आणि वाकून त्यांनी हात ओल्या वाळूवर टेकवला. पिल्लू गेल्यावरही हात तिथंच होता.

दारव्ह्याला पोचलो तेव्हा सकाळ होती. ताई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मला वाटलं, आता दुपारपर्यंत हत्तीच्या पापण्यांचं वर्णन चालणार. ताईंनीही सूप बाजूला ठेवून विचारलं, काय काय पाह्यलं. साडूभाऊंनी पिशवी खाली ठेवली आणि ते ताईंच्या समोर बसले. मान किंचित वळवून कपाळ पाहिलं, मग कान, मग हनुवटी.

"असे काहून पाहून राह्यले?" ताई संकोचून म्हणाल्या. "आल्या आल्या काय हे."

"उजेडाकडं तोंड कर जरा," ते म्हणाले. "घाई नको करू."

ताईंनी पदरानं गालावरचा कोंडा पुसला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उन्हाकडे तोंड करून बसल्या. मी चहा ठेवायला आत गेलो. चहा होऊन निवला, तरी दोघं अंगणातून उठली नव्हती.