माझ्याच घरची आशा

पोटातल्या बाळाची नोंद बारा आठवड्यांच्या आत झालीच पाहिजे, हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणते. मी दुरून दिसले की पाड्यावरच्या पोरी माझी नक्कल करतात. खोडाळ्याजवळच्या चार पाड्यांची मी आशा सेविका आहे. कुणाची पाळी चुकली तर तिच्या सासूच्या आधी मला कळतं, आणि लपवणारीला मी चांगली फैलावर घेते. स्वतःची नोंद मात्र पाचवा महिना लागला तरी मी केली नव्हती.

आरोग्य केंद्रावरच्या बैठकीला मी पदर पुढे ओढून मागच्या रांगेत बसायचे. कुणी विचारलंच, तर नवा तांदूळ आल्यापासून जेवण जास्त जातंय म्हणायचे. सासूला वाटायचं मी नजरेला भिते, म्हणून ती माझ्या बाजूने होती. ‘कागदावर लिवलं का दिष्ट लागतं,’ असं ती शेजारणींना सांगायची. एरवी हे ऐकलं असतं तर मी तिच्याशी अर्धा तास भांडले असते. तेव्हा मान डोलावली.

नवऱ्याला अर्थातच सगळं माहीत होतं. बोलायला तो कमी. दिवाळी झाली की दरवर्षी द्राक्षांच्या कामाला नाशिककडे जातो. या वेळी मुकादमाला नाही म्हणून आला आणि मला सांगितलंसुद्धा नाही. एके सकाळी दारामागच्या भिंतीवर कोळशाने जीपवाल्याचा नंबर लिहिलेला दिसला. दुसऱ्या दिवशी माझं जुनं सुती लुगडं फाडून, धुऊन उन्हात वाळत टाकलेलं. मग कळलं, चुलतभावाला त्याने रक्त द्यायला तयार राहायला सांगून ठेवलंय.

“हे सगळं कुणी सांगितलं तुला?” मी विचारलं.

“तूच त गावभर सांगत फिरतंस. गाडी ठरवा, रगत देनारा ठरवा, फडकी उन्हात वाळवा. मी काय भयरा हाय?”

खरं तर हसायला हवं होतं. मी ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरचा नंबर पुसून टाकला. त्याने तो परत लिहिला. मी परत पुसला. आठवडाभर आमचा संसार त्या भिंतीवरच चालला होता.

नोंद न करण्याचं कारण नजरेचं नव्हतंच. आमची पहिली मुलगी दोन वर्षांपूर्वी जन्मली. बाळंतीण घरी आली की आशाने तिच्याकडे जायचं असतं, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, आणि पुढेही. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगायचं, वजन लिहायचं, दूध ओढतंय का बघायचं. आमच्या पाड्याची आशा मीच, त्यामुळे माझ्याकडे दुसरं कुणी यायचं नव्हतं. मीच माझ्या घरी भेट द्यायची आणि खाली सहीही मीच करायची. पहिल्यांदा गंमत वाटली होती.

तिसऱ्या आणि सातव्या दिवशी सगळं रीतसर केलं. चौदाव्या दिवशी ती झोपली होती आणि माझी कंबर मोडून आली होती. जे बाळ दिवसभर माझ्याच मांडीवर, त्याचं वेगळं वजन ते काय करायचं? सातव्या दिवसाच्या आकड्यात अंदाजाने थोडी भर घालून मी रकाना भरला. दोन दिवस ती दूध कमी ओढत होती. दुसऱ्या घरात हे दिसलं असतं तर मी घरच्यांवर ओरडून तेव्हाच्या तेव्हा जीप बोलावली असती. माझी मुलगी मला नुसती झोपाळू वाटली. सोळाव्या दिवशी तिचं अंग गार पडायला लागलं. सतराव्या दिवशी, जव्हारच्या सरकारी दवाखान्यात नेताना, ती रस्त्यातच गेली.

वजन केलं असतं तर वाचली असती का, मला माहीत नाही. पण तो आकडा माझ्या अक्षरात आहे आणि तो खोटा आहे. आता पुन्हा नोंद केली, की पुन्हा माझ्या घरची आशा मीच. म्हणून कोरं कार्ड पिशवीतून काढायचे आणि परत आत ठेवायचे.

खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी नवरा म्हणाला, मीठमिरची आणू, चल. बाजारात त्याने पिशवी उघडलीसुद्धा नाही. सरळ केंद्राच्या दारात नेऊन उभं केलं. चारचौघांत भांडायची सोय नव्हती, म्हणून आत गेले.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अगं, तू? तूसुद्धा?” त्यांनी मला इतकं झापलं, की बाकावर बसलेल्या माझ्याच पाड्यावरच्या दोघी माना खाली घालून हसत होत्या. रक्त तपासलं, ते बरंच कमी निघालं. मग नेहमीचे प्रश्न. कितवी खेप? दुसरी. मुलं किती? शून्य, मी म्हणाले. असलं शून्य मी कितीजणींच्या कार्डावर हात न थांबवता लिहिलं होतं.

बाईंचा आवाज मऊ झाला. धीर द्यायला म्हणाल्या, “या वेळी काही होत नाही. तुझ्या तर घरातच आशा आहे.”

“बाई,” नवरा दारातून बोलला, “हिच्या पोराला दुसरी आशा धाडा. पल्याडच्या पाड्याची.”

“का रे बाबा? हिच्याएवढी हुशार दुसरी नाही.”

“हुशार हाय. पन आई काट्याकडं बघत नाय. पोराच्या तोंडाकडं बघती.”

बाई लिहीत राहिल्या. मला वर बघवेना.

आम्ही जीपच्या थांब्यावर आलो. मग मी विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“मी तथंच बसलेलो व्हतो. काटा तू हातात घेतलाच नाय.”

मला त्याचा भयंकर राग आला. दोन वर्षं मी हे एकटीने गिळत होते, आणि हा माणूस माझ्या शेजारी जेवत होता. “मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

रिकामी पिशवी त्याने काखेत मारली. “तू वाचून दाखवलंस, वजन वाढलंय. मला लय बरं वाटलं गो. मंग काटा काढ, असं कसा बोलू?”

बाजाराला आलेल्या सगळ्या बायकांसमोर मी तिथेच रडले. तोही रडत होता.